जुनी जीप तापते तेव्हा

‘गाडी तापते’ ही तक्रार घेऊन एखादी जुनी जीप गॅरेजात शिरली की मिळणारी उत्तरं ठरलेली असतात. एक मिस्त्री रेडिएटर उतरवायला सांगतो, दुसरा वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) बदला म्हणतो, तिसरा थर्मोस्टॅट काढून बाजूला फेकतो आणि चौथा थेट हेड गॅसकेट गेल्याचं जाहीर करतो. चौघांचंही कधी ना कधी बरोबर ठरलेलं असतं, म्हणून प्रत्येकाचा आपल्या उत्तरावर गाढ विश्वास असतो. गंमत अशी, की चौघांच्या हाताखालून गेलेली, चारही कामं झालेली गाडी पुढच्या मे महिन्यात पुन्हा घाटात बॉनेट उघडून वाफ सोडत उभी दिसते. कारागीर अडाणी आहेत म्हणून असं होत नाही. चूक प्रश्नातच आहे. ‘कोणता पार्ट गेला?’ हा प्रश्न नव्या गाडीला शोभतो. वीस-तीस वर्षं चाललेल्या गाडीत बहुतेकदा एकच पार्ट गेलेला नसतो. कारखान्याने तिला थंड राहण्यासाठी गरजेपेक्षा थोडी जास्त ताकद दिलेली असते आणि ही शिल्लक इतक्या वर्षांत थोडी इथून, थोडी तिथून अशी झिरपून गेलेली असते. म्हणून जुन्या फोर व्हील ड्राइव्हच्या बाबतीत विचारायला हवं ते असं: शिल्लक कुठे कुठे गेली, आणि उरली किती?

या गाड्या कोणत्या, हे आधी स्पष्ट करू. महिंद्राने १९४७मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तिथून पुढे अर्धशतकभर महाराष्ट्रात ‘जीप’ म्हणजे महिंद्राच असं समीकरण झालं. १९८०च्या दशकात तिच्यात प्यूजोच्या परवान्याने बनवलेलं २११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल इंजिन आलं. ही इंजिनं घडत ती इगतपुरीला, म्हणजे गाड्यांचा दम काढणाऱ्या कसारा घाटाच्या नेमक्या माथ्यावर. पुढे २४९८ सीसीचं एक्सडी३पी आणि २५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिनही या गाड्यांत बसलं. मारुती जिप्सी १९८५मध्ये ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन घेऊन उतरली आणि १९९६पासून १२९८ सीसीची झाली. लष्कराने वापरून लिलावात काढलेल्या गाड्या, शेतावर राबणाऱ्या गाड्या, हौसेने पुन्हा उभ्या केलेल्या गाड्या असा आजचा सगळा गोतावळा आहे. यातल्या कित्येकींचं मूळ इंजिन आज जागेवर नाही. पेट्रोल जीपच्या पोटात कुठलं तरी डिझेल इंजिन घातलेलं आणि समोर रेडिएटर मात्र जुनाच, ही जोडी आपल्याकडे सर्रास सापडते.

शिल्लक म्हणजे काय, ते थोड्या हिशेबाने पाहू. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग काम करतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला पाण्यावाटे रेडिएटरकडे येतो. माणसं-सामानासकट १८०० किलोची जीप सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने पळवायला अदमासे १० किलोवॉट पुरतात. तीच जीप बारा फुटांना एक फूट अशा चढावर ताशी ३०ने नेली तर सुमारे १५ किलोवॉट लागतात. म्हणजे काम दीडपट आणि जाळीवर येणारा वारा निम्मा. जेवढं काम तेवढीच उष्णता पाण्यात जाते असं धरलं, तर घाटात या रेडिएटरला घरगुती सात-आठ गीझरांइतकी उष्णता सतत बाहेर टाकायची असते. त्यात हवामानाची भर. रेडिएटरची ताकद पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५चा. चंद्रपूरच्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की तो ४५वर येतो. गाडीत काहीही न बिघडता तिची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी उतरते. महाबळेश्वरला डिसेंबरात ‘एकदम ओके’ असलेली गाडी विदर्भात उन्हाळ्यात का तापते, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. ती डिसेंबरातही ओके नव्हतीच. शिल्लक संपत आलेली होती, फक्त कोणी पासबुक उघडलं नव्हतं.

यावर लगेच आक्षेप येईल की तापण्यामागे एकच दोषी सापडल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. फॅन बेल्ट तुटतो, होज पाइप फाटतो, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकतो. आक्षेप रास्त आहे आणि त्यातूनच निदानाची पहिली फोड हाती लागते. काल ठीक असलेली गाडी आज अचानक उकळली तर दोषी बहुधा एकटाच असतो आणि तो शोधायला फार डोकं लागत नाही. पण ‘पूर्वी घाटात काटा निम्म्यावर असायचा, गेल्या वर्षी पाऊणवर गेला, यंदा लाल रेघेला टेकतो’ अशी कहाणी असेल तर एकट्या गुन्हेगाराच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथे जाळी दहा टक्के बुजलेली असते, पंप दहा टक्के झिजलेला असतो, बेल्ट थोडा घसरत असतो, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कवच कुठल्याशा दुरुस्तीत काढून ठेवलेलं असतं आणि पुढे हौसेने लावलेले दोन मोठे दिवे वारा अडवत असतात. यातलं एकही कारण एकट्याने गाडी उकळवणार नाही. म्हणूनच एक पार्ट बदलला की थोडा फरक पडतो, मालकाला वाटतं रोग सापडला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो परत येतो.

‘कधीपासून’ इतकंच ‘कधी’ही महत्त्वाचं आहे. कोणत्या प्रसंगी तापते हे नीट सांगितलं तर अर्धं निदान बॉनेट न उघडता होतं. सिग्नलला, वाहतुकीत, टोलनाक्याच्या रांगेत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो, तर दोष वाऱ्याच्या बाजूला. कारण ताशी ४०-५०च्या पुढे गाडीच्या वेगाचाच वारा बऱ्यापैकी पुरतो आणि पंख्याची उणीव झाकली जाते. उलट शहरात ठीक आणि हायवेवर तासाभराने तापते, तर संशय पाण्याच्या वाहण्यावर, म्हणजे बुजलेल्या नळ्यांवर, झिजलेल्या पंपावर किंवा चोखल्यासारख्या आत दबणाऱ्या खालच्या होज पाइपवर. फक्त घाटात, फक्त भरलेली असताना तापणारी गाडी संपलेल्या शिल्लकीची. आणि सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत, पाणी कोमटही नसताना वरचा पाइप दगडासारखा टणक होत असेल, तर तिथे मात्र चौथ्या मिस्त्रीचं म्हणणं ऐकावं लागेल. मालक बहुधा यातलं काहीच सांगत नाही. ‘तापते हो’ एवढं म्हणून तो चावी टेबलावर ठेवतो.

याही आधी एक शंका फेडून घ्यायला हवी: गाडी खरंच तापते का? जुन्या गाडीचा टेम्परेचर काटा हा काही न्यायाधीश नव्हे. इंजिनवरचा सेन्सर म्हणजे उष्णतेबरोबर ज्याचा विद्युत रोध कमी होतो असा एक तुकडा, आणि काटा तो रोध वाचतो. सेन्सरची वायर कुठे घासून बॉडीला चिकटली तर काटा सरळ लालमध्ये जातो आणि थंडगार इंजिनावर हजारोंची दुरुस्ती होते. उलटा प्रकार जास्त घातक. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडून वाफेत किंवा हवेत लटकतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. चालक निर्धास्त होऊन पुढे जातो. सेन्सर काढून, त्याच्या धातूच्या अंगाला एक वायर जोडून ती बॉडीला लावायची आणि तो उकळत्या पाण्यात बुडवून काटा कुठे थांबतो ते पाहायचं, ही चाचणी चहाच्या पातेल्यात होते. हल्ली हजार-दीड हजारात मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी उत्तम, फक्त तो चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर रोखला तर वाचन खोटं, कमीच दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या टेपचा तुकडा चिकटवला की तो खरं बोलू लागतो.

आता पाण्याकडे वळू. रेडिएटरचं झाकण हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित पार्ट आहे. ते नुसतं झाकण नसून दाबाचा व्हॉल्व्ह आहे. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं तेव्हा समुद्रसपाटीला साधं पाणी १००ऐवजी सुमारे ११८ अंशांवर उकळतं. कुकरच्या शिट्टीचंच तत्त्व. झाकणाचं रबर कडक झालं की ही अठरा अंशांची शिल्लक एका झटक्यात जाते आणि उंचीवर तर हिशेब आणखी बिघडतो. सुमारे १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात उघडं पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. लडाखची वारी करणाऱ्या आपल्याकडच्या जिप्सीवाल्यांनी तर हा आकडा लक्षात ठेवावा: खारदुंग ला ५३५९ मीटरवर आहे आणि तिथे उघडं पाणी साधारण ८२ अंशांना उकळतं. कित्येक इंजिनांचा थर्मोस्टॅट उघडायला सुरुवातच ८२ला होते. म्हणजे दाब न धरणारं झाकण लावून तिथे गेलेली गाडी थर्मोस्टॅट उघडता उघडताच उकळू लागेल, आणि इंजिनात दोष काहीच नसेल. मात्र ‘मग जास्त दाबाचं झाकण लावू’ हा उपायही करू नये. जुन्या पितळी रेडिएटरचे सांधे कथलाच्या डागाचे असतात. वाढीव दाब आधी तेच शोधून काढतो.

पाणी पुरेसं आहे, झाकण दाब धरतं, बेल्ट ताठ आहे, एवढं पाहून झालं की माझ्या मते सगळ्यांत बोलकी चाचणी म्हणजे वरच्या आणि खालच्या होज पाइपच्या तापमानातला फरक. गॅरेजमध्ये ती क्वचितच होते. हाताने चाचपून ‘खालचा पाइप थंड आहे’ म्हणणारे खूप, आकडा मोजणारे थोडे. तर्क साधा आहे. १५ किलोवॉट उष्णता घेऊन मिनिटाला ३६ लिटर पाणी फिरत असेल तर रेडिएटरमधून जाताना ते सुमारे ६ अंशांनी थंड व्हायला हवं. प्रवाह निम्म्यावर आला तर तेवढीच उष्णता टाकायला १२ अंशांनी थंड व्हावं लागेल. म्हणजे इंजिन तापलेलं असताना वर-खाली फरक मोठा असेल तर पाणी हळू फिरतंय: पंप, नळ्या, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. फरक अगदी थोडा, दोन-तीन अंशांचा, आणि तरी गाडी उकळतेय, तर पाणी भरपूर फिरतंय पण उष्णता बाहेर पडत नाही: जाळी बाहेरून बुजली आहे किंवा पंखा वारा ओढत नाही. आकडे गाडीगणिक बदलतील, इंजिनावर भार नसताना घेतलेलं माप तर फसवंच असतं, पण दिशा चुकत नाही. ज्या एका मापाने रेडिएटरवाला आणि पंखेवाला यांच्यातला वाद मिटतो, ते घ्यायला पाच मिनिटं लागतात.

नळ्या बुजतात कशाने, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. अंघोळीच्या तांब्याच्या बंबात जो पांढरा थर जमतो तोच इथेही जमतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की क्षार ब्लॉकच्या आतल्या भिंतींवर बसतात, आणि हा थर ओतीव लोखंडाच्या मानाने वीसेक पट कमी उष्णता वाहून नेतो. एक मिलिमीटरचा थर म्हणजे दोन सेंटिमीटर जाडीची जादा लोखंडी भिंत. त्यात गंज, त्यात गळती थांबवायला घातलेली हळद. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय ट्रकवाल्यांपासून जीपवाल्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे आणि अडचणीच्या वेळी तो चालतोही. पण हळदीला गळकं भोक आणि अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. मग रेडिएटरवाल्याकडे जाऊन रॉडिंग करावं लागतं. तो गॅसच्या ज्योतीने वरच्या टाकीचा डाग वितळवतो, टाकी उचलून बाजूला ठेवतो, आणि खाली दिसणाऱ्या चपट्या नळ्यांच्या रांगांमधून एकेका नळीत पातळ पोलादी पट्टी घालून वर-खाली करतो. तपकिरी गाळ खालून पडत जातो. मधल्या नळ्यांपेक्षा कडेच्या नळ्या जास्त बुजलेल्या निघतात, आणि काहींमध्ये पट्टी शिरतच नाही. ते काम पाहिल्यावर बाटलीतलं ‘फ्लश’ ओतून जुना रेडिएटर साफ होतो यावरचा विश्वास बराच कमी होतो. पण रॉडिंगने रेडिएटरच साफ होतो, ब्लॉक नाही. ब्लॉकचा ड्रेन प्लग काढल्यावर त्यातून पाणीच आलं नाही, तार घालून खरवडावं लागलं, तर आत तळाशी चिखल बसला आहे हे समजावं.

मग कूलंटच वापरावं ना, असं कोणी म्हणेल. त्यावर जुन्या चालकांचा प्रतिप्रश्न असतो: आपल्याकडे पाणी कुठे गोठतं? आणि त्यांची एक गोष्ट शास्त्रानेही खरी आहे. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाण्याइतकं चांगलं काही नाही, अर्धं-अर्धं ग्लायकॉल मिसळलं की ही क्षमता थोडी घटतेच. पण कूलंट गोठणं टाळायलाच असतं ही समजूत अपुरी आहे. त्यातली गंजरोधक द्रव्यं लोखंड, पितळ, कथील, ॲल्युमिनियम हे चार धातू एकाच पाण्यात नांदत असताना होणारी झीज रोखतात आणि उकळबिंदूही काही अंशांनी वर नेतात. जी वाहनक्षमता थोडी कमी होते तिच्या बदल्यात दहा वर्षांनंतरची जाळी उघडी राहते. हा सौदा फायद्याचा आहे, अट एवढीच की पातळ करायला पाणी बोअरचं नको, डिस्टिल्ड हवं.

थर्मोस्टॅटचा वाद या सगळ्यात जास्त तापलेला, म्हणून त्यावर जरा थांबू. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाका’ हा सल्ला इतका रूढ आहे की जुन्या जीपचं थर्मोस्टॅटचं घर उघडलं की ते रिकामंच सापडण्याची शक्यता मोठी. काढल्यावर गाडी कमी तापते असा अनुभव सांगितला जातो आणि तो खोटा नाही. पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅटसुद्धा वाटेत थोडा अडथळा असतो. तो गेला की प्रवाह वाढतो आणि बुजलेल्या रेडिएटरची उणीव काही काळ झाकली जाते. याच्या विरोधात पुस्तकी मंडळी सांगतात की पाणी इतक्या जोरात पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हा युक्तिवाद चुकीचा आहे. बंद वर्तुळात पाणी जेवढं लवकर बाहेर पडतं तेवढंच लवकर परतही येतं. प्रवाह वाढला तर रेडिएटर जास्तच उष्णता टाकतो, कमी नाही. थर्मोस्टॅट काढण्यातलं खरं नुकसान दुसरीकडे आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या अंगाला आणखी एक चकती असते. वरची वाट उघडताना ती बायपासची वाट बंद करते. असा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो, पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातो आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. शिवाय थंडीत किंवा घाट उतरताना इंजिन ६० अंशांच्या आसपास रेंगाळतं, डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, तेल दाट राहतं, लायनर झिजतात. आणि सगळ्यांत मोठं नुकसान निदानाचं: थर्मोस्टॅट काढणं म्हणजे शिल्लक संपल्यावर काढलेली उचल. काटा खाली येतो, जाळी बुजत राहते. त्याऐवजी तो काढून दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात तळाला न टेकवता लटकवावा, पाणी तापवत न्यावं, आणि त्यावर कोरलेल्या ८२ किंवा ८८च्या आसपास तो हलतो का, पुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो का, हे पाहावं. उघडत असेल तर जागेवर परत. नसेल तर नवा.

वाऱ्याची बाजू या गाड्यांत खास बघावी लागते, कारण चिखल, गवत आणि ओढे हा त्यांचा रोजचा व्यवहार आहे. पावसाळ्यात शेतातून फिरलेल्या गाडीच्या जाळीत बसलेला लाल चिखल वाळून विटेसारखा होतो. समोरून टॉर्च मारून मागून बघितलं तर उजेड दिसत नाही. तो धुवायला सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा समोरून मारला तर पातळ पत्त्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो. साध्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर असं धुणं हळू पण बिनधोक. ओढा ओलांडताना पंख्याची पाती पाण्यात सापडली की पुढे वाकून जाळीला चरे पाडतात, म्हणून मुरलेले चालक पाण्यात शिरण्याआधी बेल्ट सैल करतात, आणि मग कधी कधी तो परत ताणायला विसरतात. ज्या गाड्यांत पंख्याला सिलिकॉन तेलाचा क्लच आहे त्यांत तेल गळलं की पंखा फिरताना दिसतो खरा, पण ढिला फिरतो. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने फिरवला आणि तो मोकळेपणी गिरक्या घेऊ लागला, तर क्लच गेला. विजेचा पंखा बसवलेला असेल तर वायरी उलट जोडून तो वारा उलटा फेकत नाही ना, हे एका कागदाच्या कपट्याने कळतं.

उष्णता बाहेर पडत नसेल तर काय, हा इथवरचा विचार झाला. ती जास्त तयार होत असेल हा दुसरा अर्धा भाग बहुतेक गॅरेजांत विसरला जातो. पेट्रोल इंजिनाचं टायमिंग मागे गेलं, डिझेल पंपाचं टायमिंग हललं, ताकद वाढवायला कोणी पंपाचं डिझेल वाढवून ठेवलं, सायलेन्सर आतून कोंडला, ब्रेक ड्रमला घासत राहिले, क्लच घाटात सरकू लागला, की रेडिएटर कितीही निरोगी असला तरी हरतो. फोर व्हील ड्राइव्हची खास चूक म्हणजे चिखलातून बाहेर आल्यावर पुढचा ॲक्सल तसाच जोडलेला ठेवून डांबरी रस्त्याने जाणं. या जुन्या गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर तोडू पाहतात, डांबरावर त्यांना घसरायला वाव नसतो, आणि सगळा पीळ इंजिनावर येतो. चालवण्याचीही एक सवय इथेच मोडते. डिझेल वाचवायला वरच्या गिअरमध्ये इंजिन ओढत घाट चढला की पंखा आणि पंप दोन्ही मंद फिरतात, नेमके त्यांची सर्वांत गरज असताना. खालच्या गिअरमध्ये, खडी वाट असेल तर लो रेंजमध्ये, इंजिनाचे फेरे वाढतात आणि त्याच चढावर काटा खाली येतो.

हेड गॅसकेटचं निदान शेवटी करावं, कारण ते महाग आहे आणि पुरावा स्पष्ट मिळतो. थंड इंजिनावर झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर सतत बुडबुडे येतात का, तेल चहासारखं दुधाळ झालंय का, बाहेर कुठेही गळती नसताना पाणी रोज कमी होतंय का. याहून नेमकी चाचणी निळ्या द्रवाची: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि तो पिवळा झाला तर जळलेला वायू पाण्यात शिरतोय. हेड उतरवलंच तर त्यावर सरळ पोलादी पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजावी. एक दशांश मिलिमीटरची फटही पुष्कळ. पण हेड गॅसकेट हे कितीदा तरी तापण्याचं कारण नसून परिणाम असतं. आधी गाडी तापली, मग हेड वाकलं, मग गॅसकेट फुटलं. हेड लेथवर घासून नवं गॅसकेट टाकलं आणि मूळची बुजलेली जाळी तशीच ठेवली, तर तेच काम वर्षभरात परत करावं लागतं. एक फसवा प्रकारही लक्षात ठेवावा: पाणी बदलल्यावर आत हवा अडकली तरी बुडबुडे येतात. गाडीचं तोंड चढाला करून, हीटरचा कॉक असेल तर तो उघडा ठेवून, पाणी पुन्हा भरून पाहिल्याशिवाय हेडला हात लावू नये.

इतकी मापं कशाला, बेल्ट, पाइप, झाकण, थर्मोस्टॅट, पंप सगळं एकदम बदलून टाका, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. रबराच्या वस्तूंना वय असतं, वीस वर्षांचा होज पाइप चाचणीत पास झाला म्हणून तो आंबोली घाटात टिकेलच असं नाही. त्या बदलाव्यातच. पण पाच वस्तू एकाच दिवशी बदलल्या की कोणत्या वस्तूने फरक पाडला हे कळण्याची वाट बंद होते, आणि ज्या दोन गोष्टी पुड्यात मिळत नाहीत, ब्लॉकमधला क्षार आणि पंख्याभोवतीचं कवच, त्या तशाच राहतात. अनुभवी मिस्त्री नुसत्या आवाजावरून, वासावरून सांगतो, हेही खरं. पण त्याचा अनुभव त्याच्याकडे आलेल्या गाड्यांचा असतो. रेडिएटर गल्लीतल्या माणसाला सगळीकडे रेडिएटरच दिसणार. थर्मामीटरला गल्ली नसते.

राहता राहिल्या त्या गाड्या, ज्या सगळ्या चाचण्या पास होतात आणि तरी विदर्भातल्या मे महिन्यात चढावर काटा लालकडे नेतात. इंजिन बदललेल्या जीप यात जास्त. तिथे जाड, एक रांग जास्त असलेला रेडिएटर घालायचा मोह होतो. पण मागच्या रांगेला पोचणारी हवा पुढच्या रांगांनी आधीच तापवलेली असते, म्हणून नळ्यांची चौथी रांग पहिलीइतकं काम करत नाही, आणि जाड जाळीतून वारा ओढायला पंख्याला जास्त जोर लागतो. त्याआधी पंख्याकडे बघावं. मूळ इंजिनासाठी असलेलं कवच नव्या इंजिनाच्या पंख्याला जुळत नाही म्हणून ते काढलेलं असतं आणि पंखा जाळीपासून चार-पाच इंच मागे मोकळ्या हवेत फिरत असतो. रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी तो बॉनेटखालची गरम हवाच घुसळतो. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून जाळीच्या पूर्ण चौकटीला चिकटणारं आणि पात्यांच्या टोकांपासून साधारण अर्धा इंच मोकळं राहणारं गोल कवच करून घ्यावं. पाती निम्मी कवचाच्या आत आणि निम्मी बाहेर राहतील इतकं खोल. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणून अर्ध्या इंचापेक्षा कमी जागा सोडू नये.